परक्याचा कॅमेरा

आखातातल्या रुवी शहराच्या मराठी मंडळात माझा पहिलाच दिवस. "मी संध्या," म्हटलं की समोरून लगेच, "आडनाव?" मी प्रत्येकाच्या तोंडात लाडू कोंबून वेळ मारून नेत होते.

मग अमेरिकेतल्या वर्णभेदावरचा, एका डॅनिश बाईंचा सिनेमा झाला. अध्यक्ष जनार्दनभाऊ रंगात आले. "घरचा कचरा घरच्यांना दिसत नाही. तो परक्यानंच दाखवावा!"

पाहुणी आलेली अमेरिकन लिंडा खूश. "मग मी तुमच्यावर काढू सिनेमा? हिला सगळे नावापेक्षा आडनावच का विचारतात, तिथून सुरुवात करू."

जनार्दनभाऊंना ठसका लागला. "बाहेरच्यांना काय कळणार आमच्यातलं!"

मला हसू आवरेना. शेवटचा लाडू मी लिंडाला भरवला आणि माझं आडनाव, कुणी न विचारताच, खणखणीत आवाजात सांगून टाकलं.