हाताचं काम नाही

लग्नांचे फोटो काढण्यात उभी हयात गेली, पण हात थरथरू लागले तसा सासऱ्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. आज सुनेने तो गच्चीवर आणला आणि तांदळाच्या पिशवीवर आभाळाकडे तोंड करून टेकवला.

"काढा बाबा, चांदण्यांचा फोटो."

"थट्टा करतेस होय गं? या हातांनी?"

"अहो, शटर तीस सेकंद उघडं राहणार. तेवढा वेळ कुणाचाच हात स्थिर राहत नाही. टायमर लावायचा नि हात मागे घ्यायचे."

थोड्या वेळाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओंजळभर चांदणं सांडलं. सासरे बघतच राहिले. मग लग्नाच्या हॉलभर घुमणाऱ्या त्या जुन्या आवाजात गरजले, "सूनबाई, तू कठड्यापाशी उभी राहा. आणि हललीस तर याद राख!"