शलाकाची पहिली जप्ती

शलाकाची नोकरीतली पहिलीच जप्ती होती. हप्ते थकले की कोर्ट आता आठवणी जप्त करायचं आणि बेलीफ त्या स्वतःच्या डोक्यात भरून कचेरीत न्यायचे.

“यंत्र चालू असताना पाढे म्हणत राहा, पोरी,” कचेरीतले जुने बेलीफ मोरजकरकाका यांनी बजावलं होतं. “नाहीतर चिकटतं सगळं आपल्यालाच.”

कुमुदताईंनी निहारच्या, आपल्या मुलाच्या, औषधपाण्यासाठी कर्ज काढलं होतं. तो वाचला नाही. आता त्याच्या आठवणींवर जप्ती आली होती. डोक्याला तारा लावून घेताना त्या पुटपुटल्या, “सांभाळून ने गं, झोपेत दचकतो तो.”

शलाका सतराच्या पाढ्यात अडखळली ती थांबलीच.

यंत्र बंद झालं. कुमुदताई हसतमुखाने चहा टाकायला उठल्या, तर शलाका उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडत होती. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“अगबाई! कोण गेलं गं तुझं?”