सासरी आलेली विहीर

रंग अजून ओला होता. अच्छाड नाक्यावर ट्रकमागे अक्षरं काढणाऱ्या रंगाऱ्यानं विहिरीच्या कठड्यावर लिहिलं होतं, 'सार्वजनिक विहीर, उंबरपाडा, सन २०१६-१७'. सवयीनं दोन्ही बाजूंना एकेक गुलाबही काढला होता.

विहीर खडकपाड्याची होती. जानीच्या माहेरची.

"डोंगराखाली तुमच्या पाड्याची नवी विहीर झालीय, ओटी भरायला चल," असं सांगून ठेकेदाराच्या माणसानं तिला सासरहून, उंबरपाड्याहून, जीपमध्ये बसवलं होतं. तिच्या पाड्यात दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीसाठी चुना लावलेल्या दगडांचा एक गोल मांडला गेला, त्यापुढे काही झालं नव्हतं. तरी ती नवं लुगडं नेसून आली. आशा वेडी असते.

ओळखीचं जांभळीचं झाड दिसलं आणि तिला सगळं कळलं. लहानपणी ती या कठड्यावरून आपल्याच नावानं हाक मारायची आणि विहीर ओ द्यायची. आता तिनं वाकून पाहिलं. खाली पाणी गार, निवांत होतं. वर काय लिहिलंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

आलोच आहोत तर पाण्यातल्या आसरांना उपाशी कसं ठेवायचं? तिनं खण, नारळ, तांदूळ कठड्यावर ठेवले आणि हात जोडले.

तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी मोबाइल समोर धरला. "बोला मावशी, विहीर कोणत्या पाड्याची?"

उंबरपाड्याची म्हटलं की ठेकेदाराचं बिल निघणार आणि उंबरपाडा जन्मभर ओढ्यातल्या खड्ड्यातून करवंटीनं पाणी उपसणार, हे जानीला कळत होतं.

"लेकी सासरी जातात, सायब," ती म्हणाली. "विहीर जाताना मी नाय बघितली."

साहेबांनी शांतपणे मोबाइल खिशात घातला. "असू दे. ओटी भरतानाचा फोटो आलाय. तेवढा पुरतो."

जानीला आपल्या जोडलेल्या हातांचाच राग आला. तेवढ्यात जांभळीखाली उभी असलेली तिची आई, बायजी, हंडा घेऊन पुढे आली.

"जाने, भरून घे. लेक माहेरातून रिकामी जात नाय."

जीपमध्ये पाणी सांडेल म्हणून ठेकेदाराच्या माणसानं हंडा घेऊ दिला नाही. पाणी हिंदकळू नये म्हणून जानीनं हंड्यात पळसाची पानं टाकली आणि डोंगर चढायला लागली.

उंबरपाड्यात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. ती घरी गेली नाही. दगडांच्या गोलाशी थांबली आणि सगळा हंडा मधोमध ओतला. मातीनं पाणी घटाघट पिऊन टाकलं.

मग जानी खाली वाकली, आपल्याच नावानं हाक मारली आणि कान देऊन बसली.