एकट्याले पुरून उरते

"एकट्या माणसाले महिन्याचे अठराशे रुपये पुरून उरते," देवीलालशेठ म्हणाला आणि दात कोरत राहिला.

देवसिंग टेबलासमोर उभा होता. त्या जिनिंगमध्ये खुर्ची फक्त शेठला होती. मागं दहा-बारा मजूर, केसांत रुई अडकलेली.

"खोलीभाडं तुमीच कापून घेता. मंग राह्यते काय? एकट्याचंच भागत नाही, तर लेकराबाळावाल्यानं काय माती खावी?"

"कापसाले भाव नाही, देवसिंग. पेपर वाचत नाहीस का?"

"भाव शेतकऱ्याले नाही. तुमची गाडी तर नवीकोरी हाय."

खिडकीत शेठचा भाचा राजकुमार बसला होता. नागपुरात हिशेब शिकून नुकताच घाटंजीला आलेला. तो हसला.

"मामा, मी राहून दाखवतो. एक महिना. यांच्याच लाइनीत, यांच्याच पगारात."

पैज लागली. महिना भरायच्या आत राजकुमारचे पैसे संपले, तर सगळ्यांना सातशे रुपये वाढ. पुरले, तर हंगाम संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही.

त्याच संध्याकाळी देवसिंगनं जिनिंगमागच्या टिनाच्या खोल्यांच्या लाइनीतली सगळी माणसं गोळा केली.

"आयका. त्याले मिठाचा खडा द्याचा नाही. पाणी मांगलं तर नळ दाखवा. आपल्या लेकरायच्या तोंडचा घास हाय हा. जो देईन तो आपला नाही."

"मी कायले देतो त्या मुडद्याले?" सत्यभामाबाई म्हणाली. तिची खोली राजकुमारच्या खोलीला लागूनच होती. मधे एक टिनाचा पत्रा.

म्हातारा उकंडा पचकन थुंकला. तेच त्याचं उत्तर.

पहिला आठवडा मजेत गेला. म्हणजे बघणाऱ्यांचा. राजकुमारनं बाजारातून बासमती आणला, रॉकेल ब्लॅकनं घेतलं आणि स्टो पेटवताना भुवई जाळून घेतली. पोरं टाळ्या पिटत होती. दुसऱ्या आठवड्यात रॉकेल संपलं, मग पीठ. उरलेल्या नोटा तो शर्टाच्या आतल्या खिशात धरून बसू लागला. एकदा कामावरून आल्यावर तो नळाला तोंड लावून पोट भरेस्तोवर पाणी प्यायला. सगळ्या लाइनीनं पाहिलं. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत.

"आता आठ दिवस," देवसिंग म्हणाला. "मंग येते पाहा रांगत."

राजकुमार रांगत आला नाही. त्याचा स्टो पेटेना, पण गालही बसेनात. उलट तरतरी आली. सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकता टाकता तो शिट्टी वाजवू लागला.

देवसिंगचं डोकं फिरलं. रात्री शेठची गाडी लाइनीकडं येते का, म्हणून त्यानं वॉचमनला विचारलं. गाडी आलीच नव्हती. त्यानं लाइनीवर डोळा ठेवला. सत्यभामाबाई पहाटे पदराआड काहीतरी घेऊन निघायची. "शेळीले पाहून येतो," म्हणायची. उकंडा राजकुमारच्या दारासमोर थांबून रोज दोन वेळा आयमाय उद्धरायचा, तेव्हा कुठं त्याचं मन भरायचं. सगळे दुश्मनी इमानानं पाळत होते.

दुपारच्या सुट्टीत राजकुमार सरकीच्या ढिगामागं जाऊन बसे. देवसिंगही तिकडंच जाई. नजर ठेवायला, म्हणे.

त्या महिन्यात देवसिंगची भूक मात्र वाढली. "याडी, दोन भाकरी जास्त बांध," तो आईला सांगायचा. लालीबाई बांधायची. डब्याच्या कडीला तिनंच लाल चिंधी गुंडाळली होती, गरम डबा लेकाच्या हाताला चटका देऊ नये म्हणून.

"येवढी भूक कायची रे?"

"रागाची."

महिना संपायच्या दिवशी तो रिकाम्या हातानं घरी आला. "डबा चोरीले गेला, याडी. चोराचंच राज हाय इथं."

दुसऱ्या दिवशी राजकुमारनं शेठच्या टेबलावर शंभराच्या दोन नोटा ठेवल्या.

"उरले, मामा."

शेठनं मांडीवर थाप मारली. "पाह्यलं का देवसिंग? पुरून उरते. आता तोंडाले कुलूप."

मजूर मान खाली घालून लाइनीत परतले. मागोमाग राजकुमार आला, खोली सोडायला. जाताना त्यानं ओट्यावर एक पोतं आपटलं. आत भांडी खणखणली.

"घ्या आपापलं. मी कोणाचं काही ठेवत नाही," तो म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

देवसिंगनं पोत्यात हात घातला. पहिली ताटली निघाली. तिच्यावर नाव कोरलं होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"सत्यभामा नागोराव. व्वा! शेळी पाहाले जात होती ना तू? शेळी तर दिवाळीतच इकली तू!"

सत्यभामाबाईनं पदर तोंडाला लावला. "पत्र्यापलीकडं माणूस उपाशी, घास उतरे ना बापा. मले वाटलं, मी एकलीच देतो."

दुसरा निघाला लोटा. "उकंडा! अन् शिव्या कायच्या देत होतास मंग?"

"लोटा ठेवाले उभं तं राहा लागते ना," म्हातारा पुटपुटला.

तिसरी वाटी फुलसिंगची. चौथी ममताची. प्रत्येक नावागणिक देवसिंगचा आवाज चढत गेला.

"हरामखोर हो! सातशे रुपये घातले त्याच्या मढ्यावर! दुश्मनाले पोसलं तुमी! इमान नावाची चीज हाय का एकामध्ये तरी?"

कोणी वर पाहिलं नाही. पोत्यात अजून एक भांडं होतं. देवसिंगनं पोतं पायानं बाजूला सारलं.

लालीबाईला वाचता येत नव्हतं. ती पुढं झाली, पोत्यात हात घालून तळाचा डबा तिनं बाहेर काढला, आणि कडीची लाल चिंधी नीट करून तो लेकाच्या हातात दिला.