हाकेचा धडा

"शिट्टी आज माह्यापाशी दे," हेडमास्तर इंद्रभान म्हणाला. "साहेबापुढं मीच वाजवतो."

जगदेव मास्तराने गळ्यातली शिट्टी काढून दिली. लहानपणापासूनचा दोस्त, शिट्टीच काय, जीव मागितला असता तरी दिला असता. मालेगावच्या या शाळेत कवायतीला तास मिळाला तोही इंद्रभानमुळेच. नाहीतर पोरं वावरात राबतातच, त्यांना आणखी दंडबैठका कशाला, असं गावाचं म्हणणं होतं.

वर्षभर काय शिकवायचं ते दोघांनी इंद्रभानच्या ओसरीवर बसून ठरवलं होतं. जगदेवला लेझीम हवी होती, हुतूतू हवा होता, मल्लखांब तर हवाच होता. इंद्रभानने एकेक बाजूला सारलं.

"खेळ घरी खेळतीन पोट्टे. तू दोनच गोष्टी पक्क्या कर. शिट्टी झाली का एक पाऊल पुढं. अन् शिट्टीबिगर कोनी कितीबी हाका मारल्या, तरी जागचं हालाचं नाही."

जगदेव हातातलं काम अर्धवट सोडणाऱ्यांतला नव्हता. पोरं रांगेत उभी राहिली की तो मागून विंचू निघाल्याची खोटीच हाक द्यायचा, "इच्चू! इच्चू!" कधी म्हणायचा, "गोप्या, तुही माय बोलावून राह्यली!" गोपीचंद त्याचाच मुलगा, वरच्या वर्गातला. सुरुवातीला तोच सगळ्यांत जास्त फसायचा. हलेल त्याला मैदानाची फेरी. दिवाळीपर्यंत अशी तयारी झाली की खराखुरा सरडा पायावरून गेला तरी रांग हलली नाही. त्या दिवशी जगदेवने घरी जाऊन बायकोला, तुळसाबाईला, ते दोनदा सांगितलं.

आज गोरा साहेब आला होता. शाळा तपासायला, असं इंद्रभानने सांगितलं होतं. लिंबाखाली टेबल मांडलं होतं. फाटकाबाहेर मोठी लॉरी उभी होती. एकट्या साहेबाला एवढी लॉरी कशाला, असं जगदेवच्या मनात आलं आणि गेलं. तो टेबलापाशीच उभा होता; पोरं दूर, मैदानाच्या त्या टोकाला होती.

साहेब इंद्रभानला म्हणाला, "जो लड़का अपनी खुशी से पलटन में भरती होना चाहे, वो एक कदम आगे आए."

लढाईचे दिवस होते, इंग्रज सरकारला पलटणीसाठी माणसं हवी होती. जगदेवला वाटलं, इंद्रभान आता हे पोरांना ओरडून सांगेल. इंद्रभानने शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

सगळी रांग एक पाऊल पुढे आली.

"सब के सब! शाबास!" साहेब खूश झाला. "रावसाहेब का खिताब पक्का समझो."

जगदेवने इंद्रभानची बाही धरली. "पोट्टे हायेत रे, इंद्रभान! माहा गोप्या हाये तिथं!"

इंद्रभानने शिट्टी कोटाच्या खिशात टाकली. वर पाहिलंसुद्धा नाही. ज्याला जन्मभर भाऊ मानलं, त्यानेच केसाने गळा कापला.

जगदेव पोरांना पळवून लावायला धोतर सावरत मैदानात धावला. "मांगं सरा! पया रे, पया! गोप्या, घरी पय! तुही माय बोलावून राह्यली!"

रांग हलली नाही. गोपीचंदने नजर समोरच ठेवली. हसू कसंबसं दाबत तो पुटपुटला,

"आज नाही फसत मी, बाबा."