वेळेआधी

चौथ्या वेळीही ड्रायव्हर वेळेआधीच खोलीबाहेर आला. डोक्याला चिकटवलेल्या वायरींचा जुडगा गळ्यात, चेहरा वर्गात पहिला आल्यासारखा. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला त्याने सांगितलं की लोकांना आत चाळीस मिनिटं बसवून ठेवतात, आपल्याला मात्र दरवेळी निम्म्यातच मोकळं केलं. बायकोने डब्याची पिशवी उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

चाचणी तशी सोपी होती. भरदिवसा, थोड्या थोड्या वेळाने चारदा, मंद उजेडाच्या खोलीत आरामखुर्चीत बसायचं आणि जागं राहायचं. झोप लागली की टेक्निशियनने आत जाऊन चाचणी थांबवायची. म्हणजे लवकर सुटला तो झोपला, आणि पूर्ण वेळ अडकून पडला तो जिंकला. पण हे पेशंटला सांगायचं नसतं. या पठ्ठ्याने आपल्या सोयीने उलटा अर्थ लावला होता. डुलकी लागलेली ज्याची त्याला कुठे कळते?

टेक्निशियनला कळली होती, चारही वेळा. पण वायरी लावायच्या, पडद्यावर नजर ठेवायची, नोंदी करायच्या, इथे तिची हद्द संपत होती. नोंदींचा अर्थ फक्त डॉक्टरांनी सांगायचा, असा कायदा. मागे एका म्हाताऱ्या पेशंटला ती "काळजी करू नका" एवढंच म्हणाली होती, तर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिची बिनपाण्याने केली होती.

ती ओल्या कापसाने वायरी सोडवायला लागली, तेवढ्यात बस कंपनीचा मॅनेजर आला. हातात चावी. मागच्या महिन्यात ड्रायव्हरने रिकामी बस दुभाजकावर घातली होती, म्हणून ही चाचणी. आता डोंगरातून जाणारी संध्याकाळची गाडी माणसांनी भरून उभी होती आणि दुसरा ड्रायव्हर मिळत नव्हता. मॅनेजरला तोंडी 'फिट' चाललं असतं. तिने सांगितलं की ते डॉक्टर सांगतील, आणि डॉक्टर परगावी आहेत, सोमवारी येतील. त्याने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला, गोड गोड बोलला आणि फोन तिच्या हातात दिला.

डॉक्टर घाईत होते. नोंदी त्यांनी पाहिल्या नव्हत्या, पण कंपनी जुनी, दरवर्षी ढीगभर ड्रायव्हर तपासायला पाठवणारी. तू फिट म्हणून सांगून टाक, सही मी आल्यावर करतो, म्हणाले.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. एरवी तोंडाला कुलूप लावायचं, आणि आज यांना हवं तेवढंच बोलण्यापुरतं ते काढायचं. तिने स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"सर, मी टेक्निशियन आहे. फिट की अनफिट हे मी म्हणायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही म्हणा. इथे सगळे ऐकतायत."

फोनमधून कपबशांचा आवाज येत राहिला. मग डॉक्टर म्हणाले, सोमवारी तुझ्याशी बोलतो, आणि फोन बंद झाला.

सोमवारी नोकरी राहते का बघा, असं मॅनेजरने तिला हसत हसत सुनावलं. बघते, ती म्हणाली, आणि ड्रायव्हरच्या कानामागची वायर काढायला लागली.

मॅनेजरने मग सरळ ड्रायव्हरलाच विचारलं, आत झोप लागली होती का? पापणीला पापणी लागू दिली नाही, असं ड्रायव्हरने छाती पुढे काढून सांगितलं. खोटं बोलत नव्हता बिचारा. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ताई, एक शब्द सांगायला तुमचं काय जातंय? मी दरवेळी लवकर सुटलो. ते चांगलंच ना?"

खरं काय ते तिच्या जिभेच्या टोकावर होतं. पण टेक्निशियनच्या बोलण्याला कोण विचारतो? मॅनेजरने ते उडवून लावलं असतं, वर सगळी चाचणीच रद्द करायला त्याला आयतं निमित्त मिळालं असतं.

"काका, ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण चांगलं आहे असंही मी म्हणणार नाही. कोणीही सांगितलं तरी."

बाई अनफिट तर म्हणत नाहीत ना, झालं तर मग, असं म्हणून मॅनेजरने चावी पुढे केली. आज गाडी नेली नाहीस तर उद्यापासून येऊच नकोस, हेही त्याने त्याच दमात ऐकवलं. ड्रायव्हरच्या केसांत अजून चिकट लेपाचे गोळे होते. तो तसाच उठला आणि त्याने हात पुढे केला.

तेव्हा बायको बाकावरून उठली. तिला बोलायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नव्हती, इतका वेळ ती गप्प होती ती नवऱ्याची नोकरी जाईल या भीतीने. ती येऊन त्या दोन हातांच्या मधे उभी राहिली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आत तुम्ही घोरत होतात. चारही वेळा. दार बंद होतं, तरी मला इथे ऐकू आलं."