पकड

पन्नास पेशींपैकी एक्केचाळीस पेशींची केंद्रकं हिरवी चमकत होती. या बशीत औषधाचा थेंबही नव्हता. शर्वाणीने सूक्ष्मदर्शकातून पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच.

पेशी एकमेकींना प्रथिनांच्या हातांनी धरून असतात. ती पकड सुटली की आतला एक निरोप्या थेट केंद्रकात शिरतो; त्यालाच तिने हिरवा रंग जोडला होता. आपल्या औषधाने ही पकड सुटते, असं तिने तीन वर्षं दाखवलं होतं. पण औषध दिलेल्या पेशी ती बशीच्या तळापासून एन्झाइमने सोडवून घ्यायची आणि बिनऔषधाच्या जागच्या जागी तपासायची. हात तोडत होतं ते एन्झाइम. शंका मार्चमध्येच आली होती. ती पडताळायला तिने जुलै उजाडू दिला होता.

तिच्या मार्गदर्शक कर्णिक मॅडम पेढ्यांचा पुडा घेऊन आत आल्या. “पेपर स्वीकारला गं आपला! लॅबमध्ये खायचं नाही हा नियम माझाच, पण आज मोडला. घे! आणि आता प्रबंध बांधायला टाक. अगं, आजच्या दिवशी असा सुतकी चेहरा?”

“मॅडम, जरा इथे बघता?”

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावला. “सुरेख आलंय की! कोणता डोस?”

शर्वाणीने हातातला पेढा पुड्यात परत ठेवला.

“डोस नाहीच, मॅडम. नुसतं एन्झाइम आहे. मला आपला पेपर मागे घ्यायचाय.”